चष्म्याची किल्ली कोणाच्या गळ्यांत?

पोरांच्या गोष्टीचें पुस्तक, आणि त्यावर वर्तमानपत्रांत एवढे रकाने! आमचे कांहीं वाचक हें पाहून हंसतील. पाऊसपाणी आणि बाजारभाव सोडून हे लोक चेटकिणींच्या मागें कां लागले, असेंही कोणी विचारील. त्यांस आमचें उत्तर एवढेंच कीं, राज्य कशाच्या जोरावर चालतें हें पुष्कळदां मोठ्या ग्रंथांपेक्षां पोरांच्या गोष्टींत स्पष्ट सांपडतें. मोठ्यांसाठीं लिहिणारा मनुष्य जपून लिहितो. पोरांसाठीं लिहितांना त्याची लेखणी मोकळी सुटते. अमेरिकेंत शिकागो शहरीं १९०० सालीं निघालेलें फ्रँक बॉम याचें ‘ऑझचा अद्भुत जादूगार’ हें पुस्तक या मासल्याचें आहे. तें जगभर पसरलें, त्याचीं नाटकें झालीं, चित्रपट झाले. परंतु त्यांतील खरी गोम फारच थोडे लोक पोरांना सांगतात.

गोष्टीचा आरंभ एका शेतकऱ्याच्या घरांत होतो. कॅन्सस प्रांताच्या उघड्या माळावर एका खोलीचें लांकडी घर. त्याचीं लांकडें कोसन् कोस गाडींत घालून आणलेलीं. नांगरलेली जमीन उन्हानें भाजून करडी पडलेली, तिला भेगा गेलेल्या. गवत करडें, रंग उडालेलें घरही करडें. एम् काकी लग्न होऊन आली तेव्हां तरुण व देखणी होती. ऊनवाऱ्यानें तिच्या गालांवरचा रंग नेला आणि हंसणेंही नेलें. हेन्री काका पहांटेपासून रात्रीपर्यंत राबतो. ज्यांनीं कोरडवाहू जमीन कसली आहे त्यांना हीं दोन पानें समजण्यास अमेरिकेचा नकाशा लागणार नाहीं. या घरांत वाढणारी डोरोथी ही पोरकी पोर. एके दिवशीं वावटळ येते आणि तिला, तिच्या टोटो कुत्र्याला व सबंध घराला उचलून ऑझ नांवाच्या अद्भुत मुलखांत नेऊन टाकते.

हें करडेपण बॉमनें पुस्तकांत वाचून लिहिलेलें नाहीं. १८८८ ते १८९१ पर्यंत तो डकोटांतील ॲबर्डीन गांवीं होता. तेथें त्यानें दुकान घातलें. पाऊस गेला, पीक गेलें, गिऱ्हाइकांची उधारी थकली आणि १८९० च्या आरंभीं दुकान बसलें. मग त्यानें एक साप्ताहिक हातीं घेतलें, तेंही फार दिवस टिकलें नाहीं. पुढें शिकागोस जाऊन तो चिनीमातीचीं भांडीं विकीत हिंडला, आणि दुकानाच्या कांचेमागें माल कसा मांडावा हें दुकानदारांस शिकविणारें मासिक त्यानें चालविलें. म्हणजे साधी वस्तु झगमगीत कशी दिसते ही विद्या त्याला पोटासाठीं शिकावी लागली होती. हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

डोरोथीचें घर जेथें पडतें तेथें मंचकिन नांवाचे लोक राहतात. पूर्वेकडच्या दुष्ट चेटकिणीनें त्यांना वर्षानुवर्षें गुलाम करून रात्रंदिवस राबविलेलें असतें. घर नेमकें त्या चेटकिणीच्या अंगावर पडतें आणि ती मरते. तिचे रुप्याचे जोडे डोरोथीला मिळतात. परत घरीं जायचें तर पाचूच्या शहरांत राहणाऱ्या ऑझ या महान् जादूगारास भेटलें पाहिजे, असें तिला सांगण्यांत येतें. वाटेंत तिला तीन सोबती मिळतात. एक शेतांतलें बुजगावणें, त्याला बुद्धि हवी आहे. एक पत्र्याचा लांकूडतोड्या, त्याला हृदय हवें आहे. एक भित्रा सिंह, त्याला धैर्य हवें आहे.

यांतील लांकूडतोड्याची हकीगत आमच्या कारागीर बंधूंनीं दोनदां वाचावी. हा मूळचा हाडामांसाचा मनुष्य. एका मंचकिन मुलीशीं लग्न करावें म्हणून तो अधिक राबूं लागला. ती मुलगी ज्या म्हातारीकडे राहत होती, तिला ही फुकटची स्वयंपाकीण घरांतून जायला नको होती. म्हातारीनें चेटकिणीला दोन मेंढ्या व एक गाय देऊं केली, आणि चेटकिणीनें त्याच्या कुऱ्हाडीवर मंत्र टाकला. कुऱ्हाड हातांतून निसटली आणि त्याचाच पाय तुटला. पत्र्याचें काम करणाऱ्या कारागिरानें पत्र्याचा पाय बसवून दिला. दुसऱ्या खेपेस दुसरा पाय गेला, मग हात, मग डोकें, शेवटीं धड. असा जितका तो राबला तितका त्यांतला मनुष्य कमी झाला आणि पत्रा वाढला. शेवटीं हृदय गेलें, त्याबरोबर त्या मुलीवरचें प्रेमही गेलें. मग एके दिवशीं पावसांत सांपडून सांधे गंजले आणि वर्षाहून अधिक काळ तो कुऱ्हाड उगारलेल्या स्थितींत रानांत कण्हत उभा राहिला. गिरण्यांच्या चाळींत आयुष्य काढलेल्या कोणाही घराला ही गोष्ट परकी वाटणार नाहीं.

आतां पाचूच्या शहराच्या वेशीवर येऊं. वेशीवर एक रखवालदार आहे आणि त्याच्यापाशीं एक मोठी पेटी आहे. पेटींत हिरव्या कांचांचे चष्मे. हरएक मापाचे. शहरांत शिरणाऱ्या प्रत्येकानें चष्मा घातलाच पाहिजे, कारण शहराच्या तेजानें डोळे जातील, असें तो सांगतो. शहरांत राहणारे लोकही रात्रंदिवस चष्मे घालतात. चष्म्याच्या सोनेरी पट्ट्या डोक्यामागें नेऊन कुलुपानें बंद केल्या जातात, आणि त्या कुलुपांची एकच किल्ली रखवालदाराच्या गळ्यांतील साखळीला लटकते. शहर वसलें तेव्हांच हा हुकूम निघालेला. डोरोथीला चष्मा, सिंहाला चष्मा, ज्याचे डोळे रंगानें काढलेले त्या बुजगावण्यालाही चष्मा. इतकेंच काय, कुत्र्याला देखील!

आम्हांला विचाराल तर सबंध पुस्तकाचें मर्म या कुत्र्याच्या चष्म्यांत आहे. मनुष्याची समजूत घालतां येते, त्याला तेजाची भीति दाखवितां येते. कुत्र्याला तेजाचें काय आणि पाचूचें काय? पण ज्या राज्याचा सारा डोलारा दृष्टीवर उभा आहे त्याला एकही उघडा डोळा परवडत नाहीं. चष्मे घालून आंत गेल्यावर घरें हिरवीं, आकाश हिरवें, लोकांची कातडीही हिरवट. दुकानांत हिरवें सरबत, हिरव्या लाह्या. आणि पोरें जे पैसे देतात तेही हिरवे!

राजवाड्यांत जादूगार एका वेळीं एकालाच भेटतो, तोही रोज एकालाच. डोरोथीला तो धडावांचूनचें प्रचंड डोकें म्हणून दिसतो. बुजगावण्याला सुंदर स्त्री, लांकूडतोड्याला पांच डोळ्यांचें व पांच हातापायांचें अक्राळविक्राळ जनावर, सिंहाला आगीचा गोळा. ज्याला जसें दिपवितां येईल तसें त्याच्यापुढें रूप. चौघांनाही उत्तर मात्र एकच: फुकट कांहीं मिळत नाहीं, पश्चिमेच्या दुष्ट चेटकिणीला मारून या. दारीं मागायला आलेल्या पोरीला जादूगार खून करायला धाडतो, आणि ज्या चेटकिणीपुढें स्वतः कांपतो तिच्या तोंडीं देतो. हें दयाळूपणाचें लक्षण असें म्हणणाऱ्यांनीं आमची समजूत घालावी.

त्या पश्चिमेच्या चेटकिणीची सत्ता निराळ्या जातीची. तिच्यापाशीं लांडगे आहेत, कावळे आहेत, काळ्या मधमाशा आहेत, पंखांच्या माकडांची फौज आहे, आणि चाबूक आहे. विंकी लोकांना ती उघड उघड गुलाम म्हणून राबविते; डोरोथीलाही भांडीं घांसायला व चूल पेटती ठेवायला बसविते. ही दुष्ट आहे हें प्रत्येक विंकीला ठाऊक आहे. म्हणून डोरोथीनें रागाच्या भरांत पाण्याची बादली फेंकली आणि चेटकीण वितळून गेली, तेव्हां विंकींनीं सण केला आणि लगेच कामाला लागले. त्यांच्यांतून पत्र्याचें काम करणारे असे कसबी कारागीर निघाले कीं, खडकांवर फेंकून चेपून टाकलेला लांकूडतोड्या त्यांनीं तीन दिवस चार रात्री खपून धड केला. चाबूक गेला त्या दिवशीं गुलाम मोकळे झाले. पाचूच्या शहराचें तसें नाहीं. तेथें चाबूक नाहीं, तुरुंगाचा बोभाटा नाहीं, लोक सुखी आहेत. म्हणूनच तेथील कुलूप निघणें कठीण.

डोरोथी काम फत्ते करून परत येते. जादूगार भेट लांबवितो. मग पंखांच्या माकडांची धमकी मिळतांच वेळ नेमून देतो. दरबारांत कोणी दिसत नाहीं, नुसता आवाज येतो. सिंह डरकाळी फोडतो, टोटो दचकून उडी मारतो आणि कोपऱ्यांतला पडदा आडवा होतो. मागें एक ठेंगणा, टक्कल पडलेला, सुरकुतलेला म्हातारा! तोच महान् ऑझ. डोकें कागदाचे थर चिकटवून केलेलें, दोऱ्यांनीं हलविलेलें. सुंदर स्त्री म्हणजे मुखवटा आणि झगा. जनावर म्हणजे कातडीं शिवून केलेलें सोंग, आणि आगीचा गोळा म्हणजे तेलांत भिजविलेला कापूस. हा गृहस्थ मूळचा अमेरिकेंतल्या ओमाहा गांवचा. ओठ न हलवितां दुसरीकडून आवाज काढणें ही त्याची पहिली विद्या. नंतर तो सर्कशीच्या जाहिरातीसाठीं बलूनमधून वर जाई. एकदां दोर गुंतले, बलून भरकटला आणि तो ढगांतून या मुलखांत उतरला. वरून आला म्हणून लोकांनीं त्याला जादूगार मानलें. त्यानें तें मानूं दिलें. मग लोकांना कांहीं काम असावें आणि आपलीही करमणूक व्हावी म्हणून त्यानें त्यांच्याकडून शहर व राजवाडा बांधवून घेतला. मुलूख हिरवागार होता म्हणून नांव पाचूचें शहर, आणि नांव खोटें ठरूं नये म्हणून चष्मे.

म्हणजे भिंती उभारल्या लोकांनीं, घाम लोकांचा, मुलूखही लोकांचाच. आणि जादूगाराची एकट्याची मिळकत काय ती हिरव्या कांचेची पेटी. आणखी एक गोष्ट पहा. पडदा पडल्यावर हा मनुष्य विनवणी कोणती करतो? हळू बोला, कोणी ऐकेल तर माझा नाश होईल!

येथपर्यंत आमचें बॉमशीं भांडण नाहीं. भांडण आहे तें पुढच्या पानांशीं. ज्या चौघांना खरें कळलें ते चौघेही गप्प राहतात. जादूगार बुजगावण्याच्या डोक्यांत कोंडा, टांचण्या व सुया भरतो, लांकूडतोड्याच्या छातींत रेशमी कापडाचें भुसाभरलें हृदय बसवितो, सिंहाला हिरव्या बाटलींतलें पेय पाजतो. तिघे संतुष्ट होतात. ज्याला त्याला आपापला वांटा मिळाला, मग शहराची काळजी कोणाला? जादूगार म्हणतो, अशक्य गोष्टी लोकच माझ्याकडून मागतात, मग मी ढोंग केल्यावांचून काय करूं? हा सवाल सर्वांनाच पटतो असें दिसतें. आम्हांला पटत नाहीं. ढगांतल्या आपल्या भावाला, एका थोर जादूगाराला, भेटायला जातों अशी शेवटची थाप मारून तो नव्या बलूनांत बसून निघून जातो. डोरोथी मागेंच राहते. जातांना राज्य बुजगावण्याच्या हवालीं करतो, आणि मला मानलें तसें याला माना, असा हुकूम देतो. लोक रडतात, त्याची आठवण काढतात, आणि पेंढा भरलेला राजा जगांत दुसऱ्या कोणापाशीं नाहीं म्हणून अभिमानही बाळगतात!

पुरावा नव्हता असें कोणी म्हणूं नये. पश्चिमेला जाण्यासाठीं वेशीबाहेर पडतांना रखवालदार डोरोथीचा चष्मा काढून घेतो, तेव्हां राजवाड्यांत अंगावर घातलेला तिचा हिरवा रेशमी झगा तिला पांढराशुभ्र दिसतो. टोटोच्या गळ्यांतली हिरवी फीतही पांढरी. पोरीला नवल वाटतें, आणि ती पुढें चालूं लागते. चष्मे पुन्हा पेटींत जातात. १९०४ सालीं बॉमनें दुसरें पुस्तक लिहिलें. त्यांत जादूगार गेलेला आहे, खरें जाणणारें बुजगावणें गादीवर आहे, आणि तरीही शहरांत येणाऱ्या नव्या पाहुण्याला तेच हिरवे चष्मे! आतां कारण दोन दिलीं जातात: तेजानें डोळे जाऊं नयेत हें जुनें, आणि येथली ही चालच आहे हें नवें. लबाडाबरोबर लबाडी जात नाहीं. ती चाल बनून मागें राहते, आणि मग तिला राखायला लबाडाची गरजच उरत नाहीं. त्याच पुस्तकांत हेंही कळतें कीं, ऑझला पूर्वीं एक राजा होता. जादूगारानें त्याची गादी घेतली आणि त्याच्या तान्ह्या मुलीला एका म्हाताऱ्या चेटकिणीच्या हवालीं केलें, तिनें त्या मुलीचा मुलगा बनवून तिला घरकामाला जुंपलें. वाचकहो, तो गरीब बिचारा म्हातारा तो हाच! पुढें १९०८ च्या पुस्तकांत तो परत येतो, आणि तीच मुलगी, आतां राणी झालेली, त्याला दरबारी जादूगाराची जागा देते. पोरांच्या लाडक्या पात्राला शिक्षा करणें बॉमला जड गेलें असावें. असो.

या गोष्टीचा राजकारणी अर्थ लावण्याचा उद्योग अमेरिकेंत पुष्कळ झाला आहे. १९६४ सालीं हेन्री लिटलफील्ड नांवाच्या शिक्षकानें एक लेख लिहून असें मांडलें कीं, बुजगावणें म्हणजे शेतकरी, पत्र्याचा लांकूडतोड्या म्हणजे कारखान्यांतला कामगार, आणि पिवळ्या विटांच्या वाटेवर चालणारे रुप्याचे जोडे म्हणजे सोन्यारुप्याच्या नाण्यांचा वाद. तो वाद खरा होता. रुप्याचें नाणें आखडल्यानें पैसा दुर्मिळ झाला, धान्याचे भाव उतरले आणि शेतकऱ्याचें कर्ज न वाढतां जड झालें. १८९२ सालीं शेतकऱ्यांच्या नव्या पक्षानें आपला जाहीरनामा काढला तो ओमाहा येथेंच. १८९६ सालीं रुप्याच्या बाजूनें उभे राहिलेले ब्रायन निवडणूक हरले. त्याच दशकांत, १८९३ सालीं, हिंदुस्थानांतही रुपें नेऊन टांकसाळींत रुपये पाडून घेण्याची लोकांची सवलत बंद झाली, तेव्हां हा प्रश्न आमच्या आजोबा-पणजोबांच्या कमरेच्या कशापर्यंत पोंचलेला होता. पण बॉमनें हें मनांत धरून लिहिलें असा पुरावा नाहीं. त्यानें प्रस्तावनेंत केवळ मुलांच्या आनंदासाठीं लिहिलें असें म्हटलें आहे. आम्हांला तें मान्य करण्यास अडचण नाहीं. चष्मा समजायला जोड्याचा अर्थ लागलाच पाहिजे असें नाहीं.

१९३९ च्या प्रसिद्ध चित्रपटानें मात्र मोठा घात केला. रंगीत फितीवर शोभावेत म्हणून रुप्याचे जोडे माणकांचे केले, त्याचें कांहीं नाहीं. परंतु चष्म्यांचें प्रकरण अजिबात गाळलें! चित्रपटांतलें शहर खरोखरीच हिरवें आहे. म्हणजे पडद्यामागचा म्हातारा पकडला जातो, पण प्रेक्षकांच्या डोळ्यांवरचा चष्मा तसाच राहतो. शिवाय शेवटीं सारें स्वप्न ठरतें. पुस्तकांत स्वप्नबिप्न कांहीं नाहीं.

आतां अखेरची आणि कडू गोष्ट. ज्यानें हे चष्मे पाहिले त्या बॉमच्या डोळ्यांवर काय होतें? डकोटाची ती भूमि मूळची लाकोटा लोकांची. त्यांचा पुढारी सिटिंग बुल १५ डिसेंबर १८९० रोजीं पोलिसांकडून मारला गेला. पांचच दिवसांनीं बॉमनें आपल्या साप्ताहिकांत लिहिलें कीं, उरल्यासुरल्या इंडियन लोकांचा समूळ नाश केला म्हणजे गोऱ्या वसाहतवाल्यांना निर्भयता येईल. २९ डिसेंबरला वुंडेड नी येथें सैन्यानें सुमारें अडीचशें ते तीनशें लाकोटा मारले. त्यांत बायकामुलें पुष्कळ. त्यानंतरही, ३ जानेवारी १८९१ च्या अंकांत, तो पुन्हा तेंच लिहितो. आणि वर म्हणतो कीं, शतकानुशतकें आपण यांच्यावर अन्याय केलाच आहे, तेव्हां आपल्या रक्षणासाठीं आणखी एक करावा. अन्याय दिसत होता. आंधळेपणाचा बहाणाही या मनुष्याला नाहीं! पाऊस न पडलेल्या गांवांतला, दुकान बुडालेला, स्वतः नाडलेला मनुष्य आपल्याहून अधिक नाडलेल्याचा समूळ नाश मागतो. हें कसें होतें याचा विचार नाडलेल्या घरांनींच अधिक केला पाहिजे, कारण हा रोग वाड्यांतच राहतो असें नाहीं. २००६ सालीं बॉमच्या वंशजांनीं सू लोकांची जाहीर क्षमा मागितली.

मग पुस्तक फेंकून द्यावें काय? कांहीं मित्र तसें म्हणतील. आमचें मत निराळें आहे. मंचकिन आणि विंकी यांना गुलामींतून सोडविणारी गोष्ट ज्या हातानें लिहिली त्याच हातानें तीं दोन संपादकीयें लिहिलीं, हें मोठ्या मुलांना सांगून पुस्तक त्यांच्या हातीं द्यावें. लहानांना नुसती गोष्ट पुरे. वाचून दाखवितांना वेशीपाशीं थांबावें आणि कुत्र्याला चष्मा कशाला, एवढेंच विचारावें. पोरें बरोबर उत्तर देतात, मोठ्यांहून लवकर देतात. झगा पांढरा झाला तेथें पुन्हा थांबावें, आणि डोरोथीच्या जागीं तूं असतास तर शहरांत परत जाऊन काय केलें असतेंस, हें विचारावें.

बॉम १९१९ सालीं वारला. या पुस्तकावरचा हक्क आतां कोणाचाही उरलेला नाहीं. ज्याला हौस असेल त्यानें खुशाल आपल्या गांवच्या बोलींत तें उतरावें, बुजगावण्याला आपल्या शेताची माती लावावी, लांब लांब वर्णनें कापावीं. चष्म्यांचें प्रकरण मात्र सबंध ठेवावें, आणि कुत्र्याचा चष्मा कोणत्याही कारणानें गाळूं नये.